बिनशिट्टीचे मास्तर

माई, हेडमास्तर साहेब, शाळेची मास्तरमंडळी, आन् आपल्या क्वार्टरच्या लाइनीतल्या समद्या भावाबहिणींनो,

मले बोलाले उभं केलं. मी बोलणारा माणूस नाही. पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर काम करतो. रातपाळी करून सरळ इथंच आलो, आंघोळ तेवढी केली. डोळे चुरचुरून राहिले. ते धुरानं का कशानं, मले नका विचारू. थकलो मी. परवापासून थकलो. परवा सकाळी आपले डोंगरे मास्तर गेले. छातीत दुखून राहिलं म्हणाले, बायकोले, आपल्या माईले, पाणी मागितलं, आन् पाणी येईपर्यंत गेले. मी त्यायच्या शेजारी राहतो, म्हणून लोक म्हणतात, रामाजी, तू बोल. शेजारी राहिलं म्हणजे माणूस समजते, असं थोडंच आहे?

आत्ताच हेडमास्तर साहेब बोलले, खेळाचा नवा मास्तर येईपर्यंत मैदान बंद राहील. त्यायचं चुकलं असं मी नाही म्हणत. कोणाच्या पोराचा हातपाय मोडला त जबाबदार कोण? पण साहेब, मी तेवढ्यासाठीच उभा झालो. मले त्या मैदानाचंच बोलायचं आहे.

आमी भंडाऱ्याकडून आलो तवा इथं क्वार्टर अजून बनूनच राहिले होते. रुआबांधा गावाच्या बाजूनं नुसता मुरूम. मास्तर आमच्या आधी आलेले. तिकडे गावच्या शाळेत बरीच वर्षं कवायत शिकवली, मग इथं. पोरायसंगं दगड वेचले, मुरूम सपाट केला, चुन्याच्या रेघा मारल्या. तेच हे मैदान. त्याले लागूनच आमची लाइन. आन् लाइनीतले अर्धे बाप रातपाळीचे, दिवसा झोपणारे.

मास्तरची शिट्टी मोठी खणखणीत. एक दिवस आमच्या लाइनीतला एक जण बनियनवरच बाहेर आला. नाव नाही घेत मी. तो इथंच बसला आहे, रडून राहिला. तो ओरडला, "मास्तर, रातभर भट्टीसमोर उभा होतो मी! कावून जीव खाऊन राहिले तुम्ही?" मास्तरनं शिट्टी गळ्यातून काढली, खिशात ठेवली. ती पुन्हा गळ्यात नाही आली. कधीच नाही.

बिनशिट्टीचा खेळाचा मास्तर कुठं पाहिला का तुम्ही? आमी पाहिला. हात वर केला की थांबायचं. रुमाल हलवला की पळायचं. खो द्यायचा तो नुसती पाठीवर थाप मारून. हुतुतूचा दम पोरं ओठातल्या ओठात म्हणत. बाद झालेला पोरगा गुमान बाहेर जाऊन बसे. बंगाली पोरं, मलयाळी पोरं, पंजाबी, छत्तीसगढी, आपले मराठी, सगळी मुकाट्यानं खेळत. आन् आमी बाप घोरत पडलेलो. घरात माय म्हणे, चूप राहा, बाबा झोपले. घरात चूप, गल्लीत चूप. त्या एका मैदानावरच पोरायचे हातपाय मोकळे. खेळाचा मास्तर असून या माणसाचा घसा कधी बसला नाही, हे नवलच आहे की नाही?

एकदा दुर्गले शाळाशाळांचे सामने होते. माझी सुट्टी होती, माझा दिनेश संघात होता, म्हणून मी बी गेलो. दिनेश चढाईले गेला. दोघायले शिवून परत आला. पंच म्हणे, "आवाज़ नहीं आ रही. आउट!" दुसरा गेला. "आउट!" तिसरा गेला. तेच. मास्तर रेघेबाहेरून सांगून राहिले, "मोठ्यानं म्हणा रे पोरांनो, इथं कोणी झोपलं नाही!" पण पोरायच्या तोंडून आवाज निघेल तेव्हा ना. लोक हसून राहिले. आपली पोरं हारली. छातीत दम असून बाद झाली.

मले असा राग आला! येताना मी मास्तरवर घसरलो. म्हणलो, "मास्तर, पोरायची इज्जत गेली. उद्यापासून वाजवा शिट्टी. आमी कानात कापूस घालून झोपू." मास्तर बी थकले होते. मग म्हणाले, "रामाजी, सामना हारला त पोरगा उद्या पुन्हा खेळते. भट्टीवर तुमाले डुलकी लागली त?"

बस. एवढंच. मले वाटे, हा माणूस पोरायले खेळ शिकवते. तो त आमाले झोपवून राहिला होता. आपण सगळ्यायनं त्याच्या भरवशावर झोपा काढल्या, आन् तो रोज उन्हात उभा. आज मले त्या झोपेची लय लाज वाटते. आन् मास्तरची लय माया येते.

काल दुपारी मले झोप आली नाही. उठलो, मैदानाकडे गेलो. पोरं आली होती. खेळून नव्हती राहिली, चुन्याच्या रेघेवर नुसती बसली होती. दिनेश म्हणे, "बाबा, अब हम कहाँ जाएँ?" मी म्हणलो, घरी चला. म्हणलो खरं. पण घरी कुठं? घरी त मीच झोपणार होतो.

साहेब, हात जोडतो. मैदान बंद नका करू. आमी पाळ्या लावतो. सकाळपाळी सुटलेला बाप संध्याकाळी उभा राहील. रातपाळीवाला झोपून उठला की तो उभा राहील. काही झालं त जबाबदार आमी. आमाले खेळ येत नाही, पोरायले येते. आमाले फक्त तिथं उभं राहायचं आहे. थकलेला माणूस बी उभा राहू शकते साहेब, आमचा रोजचाच धंदा आहे तो.

प्लांटात आपला एक नेम आहे. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय कोणी आपली जागा सोडत नाही. डबल ड्यूटी झाली तरी नाही. मास्तरनं बी इतकी वर्षं सोडली नाही. त्यायचा रिलीव्हर कधी आलाच नाही. आपण पाठवलाच नाही.

आता सगळे उभे व्हा. घडीभर उगे राहू. कोणाचा डोळा लागला असंल त त्याले उठवू नका, मास्तरनं नसता उठवला.

मग ज्याले घरी जायचं तो घरी जाईल. आज इतवार आहे, पोरं सकाळपासूनच तिकडे आहेत. मी मैदानावर जाऊन राहिलो.

मास्तर, मी आलो. आता तुम्ही जा.