एक तास उशिरा

हॅलो?… हो, मीच. किती वाजले बघ जरा… पाच. रविवारचा तुझा फोन चारचा असायचा… हो, हो, कळलं, तुमच्याकडे घड्याळं बदलली. दोन महिने तेच ऐकतेय.

रागावले नाही गं. समजून घेतेय. कोणी बदलली?… सरकारनं. बरं. म्हणजे अख्ख्या देशानं काटे सरकवले. पुढे की मागे?… आठव, आठव, घाई नाही… पुढे? मग तुझा फोन तीनलाच यायला हवा, पाचला कसा?… बरं, मागे तर मागे.

अगं ऐक ना. काल तुझ्या बाबांना हे सांगितलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, घड्याळं बदलतात ती थंड देशांत. तिथे उन्हाळ्यात दिवस लांबतो, हिवाळ्यात आखडतो. हिच्याकडे बाराही महिने ऊन, बाराही महिने सहाच्या सुमाराला उजाडतं. काटे सरकवून मिळवायचं काय?… नवा नियम? अगं, त्यांनी शोधून पाहिलं. तुमच्याकडे वर्षभर एकच वेळ असते. मग ते रात्री जेवलेही नाहीत नीट.

पोरी, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि जावईबापू कुठायत?… आंघोळीला. दर रविवारी आंघोळीलाच. इतका स्वच्छ माणूस मी जन्मात पाहिला नाही.

हा मागे घरघर आवाज कसला?… वॉशिंग मशीन? एकच? मला तर दहाबारा ऐकू येतायत… लाँड्री. कपडे धुवायला गेलीस?… मग?… कामाला? तू?… आणि सुटतेस कधी?… अच्छा. म्हणून तासभर उशीर.

थांब. रडू नकोस, नीट सांग. घर कधी सोडलंस?… हं… हं… एकटीच राहतेस? दार आतून नीट लागतं ना?… त्यानं हात उचलला?… नको, नको सांगूस… नाही, सांग. सगळं सांग.

…

त्याला पत्ता माहीत आहे तुझा?… नाही ना. बरं.

अगं, मला काय काय वाटत होतं. वाटलं, तूच काहीतरी घोळ घालून बसलीयस आणि आम्हाला थापा मारतेयस. कालपासून तुला कसं पकडायचं तेच घोकत होते मी. लाज वाटते गं मला.

काय? बाबांना सांगू नको?… अगं, बाबा इथेच बसलेत. फोन पहिल्यापासून स्पीकरवर आहे… नाही, चिडलेले नाहीत. तुझ्यावर तर नाहीच. स्थळ त्यांनी आणलं होतं ना, ते…

हॅलो? ठेवलास का?… आहेस. बरं. फोन त्यांच्या हातात देते. तूच बोल आधी. त्यांना बोलवत नाहीये.