जिभेचा मीटर

तार तपासायचा मीटर घ्यायची ऐपत कुणाची होती राव तवा! दुसऱ्या दिवशीच्या अणदूरच्या जत्रेत शेजारच्या म्हादूकाका गोंधळ्यांचं तुणतुणं कर्ण्यातून ऐकू जावं म्हणून म्या लोहचुंबकावर बारीक तार गुंडाळून तुणतुण्याच्या तारेजवळ बसवून आवाज उचलायला चार कॉइल केल्या. तार मधी तुटलीय का, हे टॉर्चचा सेल जोडून जिभेवर बघायचं. झिणझिणलं की कॉइल चांगली. माझी जीभ चहानं भाजलेली, म्हणून काकाच तंबाखू थुंकून बसले.

"काका, झिणझिणतंय का?"

"न्हाय बा."

तीन कॉइल अशाच खराब समजून मोडल्या. चौथी मोडणार, तेवढ्यात काकूंनी ती जिभेला लावली अन् टुणकन उडाल्या.

"अगं आई! चांगली हाय की! आरं, वीस वर्षं ह्यांना भाजीतलं मीठ कळलं न्हाय, अन् तू ह्यांच्या जिभेवर भरवसा ठेवलास व्हय?"