तिसऱ्या मजल्यावर

केमोच्या वॉर्डाबाहेर शिंपीणबाई आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. आज त्यांची पहिलीच खेप होती. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी दबक्या आवाजात बोलत होते.

“बाबा, खरं सांगा. काल जिन्यात का बसला होतात?”

“दम खात होतो.”

“शेजारच्या काकू म्हणाल्या, घामाने नुसते निथळत होतात.”

“त्यांना दुसरे उद्योग नाहीत.”

“डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय. जिने चढायला नाही.”

“अगं, चाळीस वर्षं टपाल वाटलं मी. घरातल्या घरात दहा मिनिटं, हे काय चालणं झालं?”

“रक्त कमी झालंय ना तुमचं! चक्कर आली होती?”

“जराशी.”

“आणि धडधड?”

“रडू नकोस. लोक बघतायत.”

“बघू देत. आत तुम्ही सांगणार की मी सांगू?”

“सांगितलं की चालणंही बंद करतील. मग काय, नुसतं पडून राहू?”

“बंद नाही करणार. झेपेल तेवढं ठरवून देतील. मी येईन रोज बरोबर.”

“तू फार भरभर चालतेस.”

तेवढ्यात नर्स दारात आली.

“पोस्टमनकाका, मधे काही त्रास?”

“तसा काही...”

शिंपीणबाईंनी कान टवकारले.

“झाला,” म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं. “काल तिसऱ्या मजल्यावर चक्कर आली. छातीतही धडधडत होतं.”

“बरं झालं सांगितलंत. आधी तपासू या, चला.”

दोघांची पावलं दाराकडे गेली. मुलीची, वडिलांपेक्षाही हळू.