बेचाळीस पायऱ्या आणि एक रिकामी खुर्ची

...आता मला सांगा, नवस बोलताना माणूस काय जिना मोजून बोलतो का? हे न्हाणीघरात घसरून पडले, खुबा मोडला, आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या मी देवाला बोलून गेले, की बाबा रे, यांना धड घरी आण, ज्या दिवशी आणशील त्या दिवशी आमच्या जिन्याच्या पायरी-पायरीला दिवा लावीन आणि त्या उजेडातून यांना वर नेईन. गेले बोलून. देवाने ऐकलं. देवाचं काही नाही हो, तो ऐकतोच. पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या बेचाळीस, आणि त्या दिवशी देवाच्या नि माझ्या मध्ये कोण उभी राहावी, तर ती अँब्युलन्सवाली बाई! अहो, सायरन नव्हता, धावपळ नव्हती, कुणाचा जीव टांगणीला लागलेला नव्हता. साधं घरी तर सोडायचं होतं!

तुम्हाला सांगते, सकाळी फोन आला तिथपासूनच सुरुवात. मी आपली वाती वळत बसले होते, तर ही विचारते, जिना किती रुंद, वळणं किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, दार आत उघडतं की बाहेर, कुत्रं आहे का, असलं तर बांधता येईल का. शेवटी मी म्हटलं, "बाई गं, तू माझा नवरा आणणार आहेस की कपाट?" तर हसली, आणि म्हणते कशी, कपाटच बरं असतं काकू, ते मध्येच कठड्याला हात घालत नाही.

आली अकराच्या सुमाराला. अंगाने काडी, आवाज हळू, माझ्या लेकीच्या वयाची. बरोबर एक जाडजूड ड्रायव्हर, शब्दाला महाग. हे गाडीत आत पडलेले, खिडकीतून नुसतं नाक दिसतंय. मला वाटलं, आता दार उघडतील, यांना काढतील, की चला वर. कसलं काय! बाई एकटीच उतरली आणि जिना चढायला लागली. एकेक पायरी बघत, कठडा हलवून बघत, दिव्याचं बटण दाबून बघत... खालची सायकल हलवायला लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीच्या कुंड्या हलवायला लावल्या, ती बिचारी आमचं स्वागत करायला नवी साडी नेसून उभी, तिलाच म्हणाली, तुम्हीही जरा आत उभ्या राहता का. आमच्या दारातलं पायपुसणं गुंडाळलं. आणि मग माझ्या दिव्यांकडे बघितलं.

बेचाळीस दिवे, हो. भरदिवसा आमच्या जिन्यात अंधार असतो, त्यात असे शोभत होते म्हणता! गाडी यायला वेळ लागला तर विझायला नकोत म्हणून मी काठोकाठ तेल घातलेलं. बाई हळूच म्हणाली की हे सगळे काढावे लागतील. पांघरुणाला ज्योत लागेल, पायात येतील, तेल सांडेल. मी म्हटलं, अगं नवस आहे. ती म्हणाली, कळतंय काकू, पण काढा. मी म्हटलं, एवढं काय, साधं घरी तर सोडायचंय! तर काय म्हणाली माहितीये? म्हणाली, "काकू, साध्या फेरीतच माणसं पडतात. जीव वाचवायच्या फेरीत सगळ्यांचे डोळे उघडे असतात."

मला आलाच राग. आमचे धाकटे दीर तर बाह्याच सरसावायला लागले. त्यांचं सगळंच असं, आधी उचलायचं आणि मग कुठे ठेवायचं ते बघायचं. "वहिनी, व्हा बाजूला. मी आणि खालचे दोघं, खांद्यावर घालून दोन मिनिटांत वर आणतो दादाला." आणि ती बाई त्यांना म्हणते, अगदी गोड आवाजात, की त्यांचा पाय कमरेत कितीपेक्षा जास्त वाकवायचा नाही ते माहितीये ना तुम्हाला? दिरांनी बाह्या खाली घेतल्या. आम्हाला माहीत होतं ना. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, हा खुबा काचेचा समजा, पुन्हा पडले तर दुसऱ्यांदा जोडायला तिथे काही उरणार नाही, मग कायमचं अंथरूण. कायमचं. हे आमचे दिवसाला दोन फेऱ्या मारल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नाही असे!

तरी माझं मन काही ऐकेना. आता खोटं कशाला बोलू, देव ऐकतोय. मी "बरं" म्हटलं आणि दिवे काढायला लागले. खालच्या अठ्ठावीस पायऱ्यांवरचे खरंच काढले. पण शेवटच्या मजल्याचे चौदा... ते विझवले, भिंतीकडेला सरकवले, वर फडकं टाकलं, आणि काडेपेटी कमरेला खोचली. म्हटलं, हे वळणावर आले की पटकन पेटवीन, तेवढ्याने तरी देवाचा शब्द राहील. सरकवले तेही घाईघाईत. दोन-चार दिवे हिंदकळले असतील. बघायला वेळ कुणाला होता? आणि त्या बाईला वरून ओरडून सांगितलं, काढले गं सगळे!

मग बाईने गाडीतून ती खुर्ची काढली, पट्ट्यांची, मागे चाकं असलेली. आता हे बसणार म्हणून मी खाली येऊन पदर सावरून पुढे झाले, तर रिकामीच न्यायला लागले दोघं वर! रिकामी! वर ती, खाली ड्रायव्हर, मध्ये कुणीच नाही, आणि ती त्या कुणीच-नाहीला सांगतेय, आता वळण येतंय हं, हात मांडीवर ठेवा. दीर माझ्या कानाशी, "वहिनी, ही काय देवाची पालखी चाललीय का?" मी म्हटलं भावजी, बघत राहा, संध्याकाळपर्यंत पोचेल. आणि खाली गाडीतून यांचा आवाज, "अगं, सतरा दिवसांत घर विकलंस की काय? मला वर का नेत नाहीत?" साधं घरी सोडायचं होतं हो, बाकी काही नाही.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ड्रायव्हरने वरच्या पायरीवर पाय ठेवला. आणि तो पाय तिथे राहिलाच नाही.

तो कठड्याला लटकला म्हणून वाचला. बाईच्या हातातून खुर्ची सुटली आणि धाड, धाड, धाड करत सात पायऱ्या खाली जाऊन भिंतीवर आपटली. एक चाक वाकडं होऊन नुसतं गरगर फिरत राहिलं. शेजारीण दारात तोंडावर हात ठेवून उभी. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते आणि मला तिच्यात हे दिसत होते, स्वेटर घातलेले, चष्मा वाकडा झालेले... मी तिथल्या तिथे पायरीवर बसले, आणि कमरेची काडेपेटी काढून त्या पोरीच्या हातात दिली. म्हटलं, मी खोटं बोलले. तेल माझं आहे.

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने आधी ड्रायव्हरचं कोपर बघितलं, मग फडकं उचलून दिवे बघितले, मग माझ्या शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "म्हणूनच पहिली फेरी रिकामी असते, काकू. चुका असतील त्या तिच्यात होऊन जाऊ देत." मी म्हटलं, पण माझा नवस मोडला तर? तर म्हणते, "नवस ते धड यावेत म्हणूनच बोललात ना? मग आधी धड येऊ दे. दिवे नंतर लावा, खिडकीत लावा, बेचाळीसच्या बेचाळीस. उशीर झाला म्हणून देव रागावलाच, तर माझ्याकडे बोट दाखवा."

मग काय, जिना धुतला. साबणाची पूड, गरम पाणी, कोरडी फडकी. मी, शेजारीण नव्या साडीचा ओचा खोचून, ती बाई गुडघ्यांवर बसून, आणि आमचे दीर सुद्धा! पुसता पुसता म्हणतातच, "वहिनी, दिवे मात्र चांगलेच लावलेत हं तुम्ही." म्हटलं, घासा भावजी, बोलू नका.

गाडीतून दुसरी खुर्ची निघाली. पुन्हा रिकामी फेरी. या वेळी मीच म्हटलं, अजून एकदा नेता का? नेली तिने, हसत. आणि मग यांना बसवलं, पट्ट्या बांधल्या, हात मांडीवर. मी तीन म्हटलं की उचला, म्हणायची, आणि एक, दोन, तीन म्हणत चौदा पायऱ्या, थांबा, पुन्हा चौदा. मी मागून एकेका पायरीला देवाचं नाव घेत होते. दिवा नव्हता, पण पायरी चकचकीत होती. बेचाळिसावी आली, खुर्ची उंबरठा ओलांडून आत गेली, यांनी आपल्या पलंगाकडे बघितलं आणि म्हणाले, "चादर बदललीस होय." एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड मनसोक्त रडून घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

संध्याकाळी खिडकीत दिवे लावले, मोजून बेचाळीस. देव काही रागावलेला दिसला नाही. यांचा खुबा जुळत आलाय.

पण आता मी नवा नेम धरलाय. हे कुठेही जायला उठले, की आधी मी रिकामा वॉकर घेऊन तिथवर एक फेरी मारते, खाली ओलं आहे का, काही आडवं आहे का बघत, आणि मगच यांना हात देते. न्हाणीघरात जायचं असलं तरी. हे पलंगावरून कळवळून सांगतात, की बाई गं, तुझी फेरी होईपर्यंत इथेच व्हायचं. होऊ दे, म्हणते मी, चादर धुता येते.

तुम्हीही एवढा नेम धराच. दुखणेकरी घरी यायचा असला की दिवे, फुलं, पाहुणे सगळं नंतर. आधी रिकाम्या खुर्चीला घर दाखवून आणा. घरचे हसतील, वैतागतील, तुम्हाला वेड्यात काढतील. काढू देत हो. तेवढं वैतागायला माणूस घरात धड असावा लागतो.