मामींचा निकाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे मालक, आदरणीय मोठे साहेब. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ते आजचे सत्कारमूर्ती, आमचे मामा. पहिल्या रांगेतले विक्री विभागाचे मान्यवर, शेवटच्या रांगेतले पॉलिश विभागाचे त्याहून मान्यवर, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मामांविषयी चांगलं बोलण्यासारखं जे जे होतं, ते माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोलून संपवलं. त्यांची चिकाटी झाली, साधेपणा झाला, वक्तशीरपणा झाला. माझ्यासाठी फक्त खरं तेवढं शिल्लक राहिलं आहे. आणि ते कसं सांगावं, हे मला या क्षणीही कळलेलं नाही. गेल्या काही दिवसांत मला जो धक्का बसला आहे, त्यातून मी अजून सावरलेली नाही. तेव्हा बोलताना अडखळले, तर ते भावनेने अडखळले असं समजू नये.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. मी नमुना विभागात काम करते. स्वयंपाकघरात रोज हाताळायच्या वस्तू, म्हणजे किसणी, गाळणी, डबे, चिमटे, पातेल्यांची झाकणं, यांचे पहिले नमुने आमच्याकडे बनतात. विभागाचं नाव नमुना विभाग असलं, तरी तिथे वस्तूंपेक्षा माणसंच जास्त नमुनेदार आहेत. मी झाकणं करते, म्हणून मला झाकणताई म्हणतात. आणि या विभागाचे प्रमुख आज निवृत्त होत आहेत, आमचे मामा.

आमच्या विभागाची एक रीत आहे. नमुना तयार झाला, की मामा तो कापडी पिशवीत घालून घरी नेत. घरी म्हणजे मामींकडे. मामी तो वापरून बघणार आणि निकाल देणार. तो निकाल आला, की त्यावर अपील नाही. किसणी बोटाला लागते, मामींना पसंत नाही. गाळणी काम चोख करते पण हातात धरवत नाही, मामींना पसंत नाही. साहेबांनी मंजूर केलेली वस्तूसुद्धा मामींनी मोडीत काढलेली मी पाहिली आहे. मामींच्या दोनच कसोट्या असत. ओल्या, साबणाच्या हाताने, डोळे मिटून वापरली तरी वस्तूने दगा देता कामा नये. आणि काम संपल्यावर, काही कारण नसताना, हात पुन्हा एकदा तिच्याकडे गेला पाहिजे. काम तर कुठलीही वस्तू करते, असं मामींचं म्हणणं. उगाच हात गेला, तर ती आपली झाली.

आपल्या जाहिरातीत जे छापतात ना, 'कामाची आणि आनंदाची', ते याच कसोटीतून आलं. विक्री विभाग त्याचं श्रेय घेतो, पण आज त्यांच्याशी भांडायला मी उभी नाही.

आता माझं दुःख ऐका. मी एक झाकण केलं. अंगठ्याने कडेला दाबलं, की उघडतं, सोडलं की बसतं, आणि बसताना 'टुक' असा छोटासा आवाज येतो. साऱ्या विभागाला ते आवडलं. मामा ते घरी घेऊन गेले. निकाल आला, "मामींना फार आवडलं. म्हणून नापास." मी म्हटलं, म्हणजे काय? मामा म्हणाले, "म्हणजे नापास." मी सुधारून दिलं, पुन्हा तेच. पुन्हा सुधारलं, पुन्हा तेच. आवडलं म्हणून नापास करणारी परीक्षक जगाच्या पाठीवर कुणी पाहिली आहे का? मी मामींवर चांगलीच खार खाऊन होते. तोंडाने मात्र म्हणत असे, मामींच्या हाताला तोड नाही.

तर निरोप समारंभ ठरला, तेव्हा आम्ही म्हटलं, मामांबरोबर मामींचाही सत्कार करू. आमंत्रण द्यायला मला पाठवलं. मामा बाजारात गेले होते तेव्हा मी गेले, म्हणजे गुपित राहील. मामींनी प्रेमाने आत बोलावलं, स्वयंपाकघरातच स्टूल दिलं. मी इकडे तिकडे पाहिलं.

त्या स्वयंपाकघरात आपली एकही वस्तू नव्हती. सुरीची मूठ तुटलेली, तिला सुतळी गुंडाळलेली. पातेल्याचा एक कान गायब, ते फडक्यात धरून उतरवायचं. झाकण म्हणून चक्क एक ताटली. मला वाटलं, नमुने परत जातात, त्यामुळे नसतील. म्हणून मी हसत हसत म्हटलं, "मामी, माझ्या झाकणाला किती छळलंत तुम्ही."

मामी म्हणाल्या, "कुठलं झाकण गं?"

मी म्हटलं, "ते टुक वाजणारं. मामा निकालासाठी आणायचे ते."

"अगं, ह्यांनी आयुष्यात कधी साधा चमचा आणला नाही घरात. मला तर वाटायचं तुमच्याकडे मोठमोठ्या मशिनी बनतात."

मामींनी गॅस बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, "मग दर शनिवारी पिशवी घेऊन हे कामावर जातात, ते कुठे?"

शनिवारी कारखान्याला सुट्टी असते, हे या सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. मामींना ठाऊक नव्हतं. मी आमंत्रण द्यायला गेले होते आणि एका सरळ चाललेल्या संसारात काडी घालून बसले होते. मामींनी मला पाणी दिलं, स्वतः प्यायल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी तू ये. आपण दोघी जाऊ."

मामा, मान वर करा. तुम्हाला पुढचं माहीतच आहे, इतरांना ऐकू द्या.

शनिवारी आम्ही बसमध्ये त्यांच्या मागे बसलो. मामींनी तोंडाभोवती स्कार्फ गुंडाळला होता. त्याची काही गरज नव्हती, कारण मामा वस्तूंकडे बघतात, माणसांकडे नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत माझं झाकण, आणि अंगठा आपला पिशवीवरून टुक, टुक. उतरले, एका जुन्या इमारतीत शिरले, जिना चढले, एका दारातून आत गेले. दार अर्धवट उघडंच राहिलं. मामी माझा हात इतका घट्ट धरून होत्या, की मला कळ लागत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, काहीही असू दे, पण ते नको.

शेवटी मामींनी दार ढकललं. आत स्वयंपाकघर होतं. मामा कमरेला फडकं बांधून भांडी पुसत उभे होते. आणि पातेल्याशी एक वयस्क बाई, बाह्या वर केलेल्या, हात कोपरापर्यंत फेसाने भरलेले, डोळे मिटलेले. त्या माझं झाकण उघडत होत्या आणि बंद करत होत्या. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "दार लावून घ्या, वारा येतो."

मामांच्या हातून ताटली पडली. बाईंनी डोळे उघडले, मामींना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मामी ना? माझ्या वाट्याच्या शिव्या इतकी वर्षं तुम्ही खाल्ल्यात. बसा."

मामी बसल्या. मामांना एवढंच म्हणाल्या, "एक चमचा घरी आणायला हात झडला होता का तुमचा?"

मित्रहो, आपल्यातल्या जुन्या लोकांना आता कळलं असेल. पहिल्या रांगेतली कुजबुज मला इथे ऐकू येते आहे. नव्यांसाठी सांगते. त्या आपल्या किटलीवाल्या बाई. हा नमुना विभाग त्यांनी सुरू केला. मामा त्यांच्या हाताखाली शिकले. या कारखान्याची गाजलेली किटली बाईंची. तिचं झाकण अंगठ्याने उघडायचं आणि ते टुक वाजायचं. होय, टुक. मला वाटत होतं तो आवाज मी शोधला.

बाईंनी ते झाकण चहासाठी जेवढं उघडावं लागेल तेवढ्याला पुरेल असं केलं होतं. पण लोकांना तो आवाज इतका आवडला, की चहा नसतानाही ते टुक टुक करत बसायचे. घरोघरी किटलीशी खेळ चालायचा. खेळून खेळून बिजागरी सैल झाली. एका घरी चहा ओतताना झाकण निसटलं आणि उकळतं पाणी एका बाईच्या मनगटावर गेलं. वस्तू वाईट होती म्हणून नव्हे, फार आवडली म्हणून बिघडली. अशी चूक फक्त आपल्या धंद्यातच होऊ शकते.

तेव्हा साहेब म्हणाले, स्वयंपाकघरात खेळणी नकोत. आणि म्हणाले, यापुढे या बाईंचा हात आपल्या एकाही वस्तूला लागता कामा नये. बाई गेटमधून बाहेर पडल्या. त्यानंतर आपण किटली केली नाही.

साहेब, आपला राग खोटा होता असं मी म्हणत नाही. कुणाचं तरी मनगट भाजलं होतं. बाईही तसं म्हणत नाहीत. पण त्यानंतर या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा हात लागलेला आहे. विक्री विभागाच्या कपाटातल्या त्या बक्षिसांच्या ढालीसुद्धा त्यांच्याच निकालाच्या आहेत. मामींच्या नावाने आम्ही ज्यांना घाबरलो, त्या बाई होत्या. आम्हा सगळ्यांना मामांनी मामा बनवलं.

मी मामांना विचारलं, असं का केलंत? ते म्हणाले, "साहेबांनी बंदी घातली, आणि मला बाईंशिवाय निकाल देता येईना. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, हे नापास कुणी केलं? तोंडातून निघून गेलं, घरच्यांनी. पुढचं सगळं तुम्हीच वाढवलंत." खरं आहे. मामींना तापट आम्ही केलं, कडक आम्ही केलं. प्रत्यक्षात मामी इतक्या साध्या, की ताटलीने झाकण्यात त्यांना काही कमी वाटत नाही. मला मामांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. आणि त्याच वेळी भीती वाटली, की आता शनिवारी बाईंच्या दारात पिशवी घेऊन कोण जाणार? त्या बाईंनी आयुष्यात दुसरं काही राखलेलं नाही. त्यांच्या घरात शनिवार सोडला, तर बाकीचे दिवस नुसते सरत असतात, हे त्यांनीच मला सांगितलं.

हे सगळं इथे बोलायची परवानगी मी बाईंकडे मागितली. त्या म्हणाल्या, "बोल. पण साहेबांच्या समोर बोल, पाठीमागे नको."

आता मामा, एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. टेबलावर रुमालाखाली जे झाकलं आहे, ते तुम्हाला वाटतं तसं घड्याळ नाही. रुमाल काढते.

ही किटली आहे. तुमच्यासाठी नमुना विभागाने केली. झाकण माझं आहे, म्हणजे बाईंचं आहे. ती ओतायला झुकली, की झाकण आपोआप अडकतं, काही केलं तरी उघडत नाही. सरळ असेल तोवर हवं तेवढं खेळा. आणि या वेळी आम्ही ती चहासाठी तपासली नाही, खेळासाठी तपासली. पॉलिश विभागात येणाऱ्या जाणाऱ्याच्या हातात दिली. तिकडून अहोरात्र टुक टुक येत होतं, म्हणून शेजारच्या विभागाने तक्रार केली होती. त्यांची जाहीर क्षमा मागते. मग मी आणि मामी ती बाईंकडे घेऊन गेलो, तुम्हाला न सांगता. बाईंनी हात साबणाने भरले, डोळे मिटले आणि झाकण कितीतरी वेळा उघडून, बंद करून पाहिलं. मग म्हणाल्या, "पास. पण शेवटचा हात साहेबांचा."

म्हणून साहेब, हे आपल्यासमोर ठेवते. एकदा अंगठ्याने दाबून बघा. ध्वनिक्षेपक जरा पुढे घेते.

आवाज मागेपर्यंत पोचला ना?

धन्यवाद, साहेब. काम झालं. आता, तेवढ्यात, आभाराचे चार शब्द. सभागृह सजवणाऱ्या मंडळींचे आभार. चहावाल्यांचे आगाऊ आभार. मामींचे आभार, ज्यांनी आपलं नाव इतकी वर्षं न विचारता वापरू दिलं आणि कळल्यावरही परत मागितलं नाही. मामा, तुमचे आभार मला मानता येत नाहीत. शनिवारची पिशवी मला द्या, एवढंच मागते.

साहेब, आपण पुन्हा दाबलंत.

नाही, नाही, चालू द्या. मी फक्त सांगितलं. चहा नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं, आणि हात गेला. बाईंची दुसरी कसोटी ती हीच.

माझ्या बोलण्यात मर्यादा सुटली असेल, लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. मामी इथे पहिल्या रांगेत दिसत नाहीत, याचं काही जणांना नवल वाटत असेल. त्या खाली गेटपाशी आहेत, बाईंना सोबत म्हणून. रखवालदाराने त्यांच्यासाठी खुर्ची बाहेर काढली आहे. ज्या गेटमधून जायला सांगितलं, त्यातून बोलावल्याशिवाय बाई आत यायच्या नाहीत, आणि त्यांना बोलावण्याचा अधिकार माझा नाही.

साहेब, उठताय? किटली ठेवा खाली, मी घेते.

बरं, असू द्या हातात. जिना जरा अंधारा आहे, सांभाळून उतरा.