गोल्फवाल्यांच्या शेजारचं टेबल

तुम्ही हसाल, पण बनारसच्या गोल्फ आणि पर्यटन प्रदर्शनात मीही टेबल मांडलं होतं. फॅक्सची नवलाई होती तेव्हाची गोष्ट. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमच्याकडे मराठी यात्रेकरू उतरतात ना, म्हणून.

शेजारच्या गोल्फवाल्या साहेबाने नाक मुरडलं. "पंडितजी, आपके यात्री यहाँ करते क्या हैं?"

म्हटलं, "आवडीचं काहीतरी कायमचं सोडून जातात. कुणी आंबा सोडतो, कुणी वांगं."

"और हमारे मेहमान क्या छोड़ेंगे?"

"गोल्फ!"

सगळे हसले. साहेब तणतणत आयोजकाला घेऊन आला. आयोजक म्हणाला, "टेबल छोड़िए, अभी!"

मी खुर्ची आणखी पुढे ओढली. म्हटलं, "काशीत सोडायचं ते आपल्या मर्जीनं. दुसऱ्याच्या हुकमावर आम्ही वांगंसुद्धा सोडत नाही!"