कंबरेच्या हाडातल्या पेशी

नाही नाही, मॅडम, तुमच्या क्लिनिकचं पत्रक मी नीट वाचलंय — तीनदा वाचलंय, म्हणून तर विचारतोय. कंबरेच्या हाडातून पेशी काढायच्या, पाठीत सुईनं सोडायच्या, आणि त्या मेंदूपर्यंत जाऊन मेंदू होणार — असंच ना? आता असं बघा, मी छत्तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्रच शिकवलं. गर्भात सगळ्या पेशी एका आईच्या लेकी — कुणी कातडी होते, कुणी हाड, शेजारणी सुचवतील तसं. पण एकदा काम पत्करलं की मागं फिरणं जवळजवळ नाहीच. कातडीची जखम निदान भरून तरी येते. मेंदूची पेशी गेली की गेली. एका विद्यार्थिनीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, पेशी जिथं ठेवू तिथलं काम शिकते — मी शून्य दिलं, वर शेरा मारला, ‘ही इच्छा झाली, पुरावा कुठाय?’ तुमच्या पत्रकात तेच वाक्य आहे, ठळक अक्षरांत.

हसू नका. म्हणजे — हसा, पण मला खोटं पाडा. माझंच ज्ञान जुनं झालं असेल, नाही का? असेलच. माझ्यावर कसला विश्वास ठेवायचा! त्या काचेपलीकडं चाकाच्या खुर्चीत बसलीय ना, ती आमची ही. तोंडाचा पट्टा असा, की मी कानात कापूस घालून वाचायचो. त्या दिवशी सकाळी म्हणाली, अहो, हातातून कप निसटतोय — मी म्हटलं, पड जरा, बरं वाटेल. पक्षाघाताचा झटका असेल असं वाटलं होतं हो मला! वाटलं होतं. पण मुलगी आधीच मला घाबरट म्हणते, उगाच धावपळ नको, म्हणून पुस्तकात बघत बसलो. दोन तास. त्या दुपारपासून तिच्या तोंडून शब्द नाही. मुलीला हे अजून सांगितलेलं नाही — तुम्हाला का सांगतोय?

द्या तो संमतीचा कागद. तिची सही? तिच्या वतीनं मी करतो. काय, मान आडवी हलवतेय? ते झटक्यामुळं — आज सकाळपासून तसंच, गाडीत बसवतानाही हलवत होती... नाही, झटक्यानं तशी हलत नाही. सगळं समजतं तिला. मॅडम, कुठं निघालात? तिला विचारायला? बसा हो, बसा — ती नाही म्हणाली, तर घरी नेऊन मी तिच्याशी काय बोलू?